काशीत सोडलेलं कारलं

"सोडायचं ते आवडीचं सोड हो. देवाला सगळं कळतं." काशीला निघताना सासूबाईंनी बजावलं होतं. मी गंगेत उभी राहून कारलं सोडलं. मला ते मुळातच आवडत नव्हतं. बारा वर्षं हा नेम मी कडकडीत पाळला आणि घरच्यांकडून कौतुकही करून घेतलं.

काल डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. "मधुमेह अजून झालेला नाही, पण तुम्ही उंबरठ्यावर आहात. साखर सोडा, रोज अर्धा तास चाला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

घरी आल्यावर हे हसले. "चहात तीन चमचे साखर घालणारी तू. तुला नाही जमायचं. आणि नैवेद्याच्या शिऱ्याचं काय?"

"देवाला दाखवेन, खाल तुम्ही," मी म्हटलं.

संध्याकाळी दिवा लावला, तळहातावर पाणी घेतलं आणि साखर सोडली. या वेळी खरोखर आवडीचं सोडलं होतं. कितीतरी वर्षांनी सासूबाईंच्या तसबिरीकडे मी सरळ मान वर करून पाहिलं.

आज सकाळी बिनसाखरेचा पहिला चहा घोट घोट करून संपवला. तोंड पार कडू झालं. हे रिकाम्या कपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे देवापुढे बोललीस तर. आता नाही मोडायची तू."

मी पदर खोचला, सुनेचे चालायचे बूट पायात चढवले आणि हलकेच दाराची कडी काढली.