उसना हात

मुलांनो, कल्पना करा, एक असं यंत्र निघालं आहे, की त्यात हात घातला तर त्या हाताला काय येतं आणि ते कुणाकडून आलं, हे कळतं. यंत्राने हिरवा दिवा दाखवला, तरच नाट्यगृहात काम मिळतं.

रंगमंचावर मांडलेल्या त्या यंत्रात शेवंता लोहारने हात घातला. मिळेल त्या नाटकाबरोबर गावोगाव फिरून ती वर्षानुवर्षं प्रकाश सांभाळत होती. दिवा लाल लागला.

"हात तयार आहे," तपासनीस म्हणाला, "पण ढब प्रकाशयोजना करणाऱ्या बंडामामांची. त्यांचा हात आमच्याकडे नोंदलेला आहे. तुम्हाला शिकवल्याची नोंद मात्र नाही. म्हणजे ही चोरी."

"चोरी?" शेवंता कडाडली. "मामांच्या शेजारी उभी राहून, त्यांच्या शिव्या खाऊन शिकले मी! 'बघ आणि कर,' एवढंच म्हणायचे ते. आमची शाळा हीच, साहेब! तुम्हाला काय पाळण्यातच सही करता येत होती? तुम्हीही कुणाचं तरी बघूनच शिकलात ना!"

"ओरडू नका, बाई. संध्याकाळच्या प्रयोगाला दुसरा माणूस येईल."

शेवंताची मुलगी मैना विंगेत, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरजवळ उभी होती. तिने त्याची दांडी धरली. आईसारखाच अंगठा आत दुमडून, एकही झटका न देता, तिने तपासनिसाच्या डोक्यावरचा उजेड सावकाश उतरवत नेला. अंधारात यंत्राचा लाल दिवा तेवढा उरला.

"ए, कोण आहे तिकडे?"

"मीपण चोरलंय, साहेब! आईकडून!" मैना ओरडली, आणि धावत येऊन तिने आपला हात यंत्रात खुपसला.