टिल्मनकाकांची कवळी

स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला माणूस दुसऱ्याच्या दातांची तक्रार घेऊन येतो, हे डॉक्टर पद्मिनीने अकरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पहिल्यांदाच पाहिलं.

टॉड त्याचं नाव. तिशीचा, बॉस्टनच्या एका रेकॉर्ड कंपनीतला. आत खुर्चीवर बसलेल्या एमरी टिल्मनना तोच गाडीत घालून पद्मिनीच्या श्रूजबरीतल्या दवाखान्यात घेऊन आला होता, आणि आता काउंटरशी उभा राहून हलक्या आवाजात पद्मिनीला समजावत होता. टिल्मन एकाहत्तर वर्षांचे. गिटार वाजवत ब्लूज गाणारे. काळ्या माणसांचं हे जुनं, काळजातलं गाणं ऐकायला हल्ली कॉलेजातली गोरी पोरं रांगा लावत होती. आणि त्या पोरांना, टॉडच्या मते, टिल्मनच्या पडलेल्या दातांच्या फटीतून सुटणारी हवा आवडायची. तो फुसकारा. तो खरेपणा. दीड महिन्यापूर्वी म्हाताऱ्याने कुणाला न विचारता इथे येऊन कवळी बसवून घेतली, आणि आवाज कसा रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यासारखा स्वच्छ होऊन बसला.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग होतं. कव्हरसाठी फोटोही काढायचा होता, तोंड उघडून हसतानाचा. तेव्हा डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगायचं, की हिरड्या सुजल्यात, महिनाभर कवळी लावू नका.

"तुमचं ऐकतात ते," टॉड म्हणाला. "त्यांच्याच भल्याचं आहे."

पद्मिनीने लोकांच्या तोंडात काय काय पाहिलं होतं. पू पाहिला होता, किडलेली मुळं पाहिली होती, दाढेत अडकून सडलेलं मांस पाहिलं होतं. नाक मुरडलं नव्हतं कधी. आज टॉडच्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे बघून ते मुरडलं.

"हिरड्या उत्तम आहेत," ती म्हणाली.

काउंटरवरच्या वीणाने टाइपरायटर थांबवला आणि खाली मान घालून मराठीत पुटपुटली, "ताई, याचेच पुढचे दोन पाडून देऊ या का? मस्त गाईल." पद्मिनीला हसू आलं नाही.

टॉडने मग दुसऱ्या बाजूने घेतलं. या रेकॉर्डवर गाण्यांखाली टिल्मनचं नाव छापणार होते. आधीच्या तिन्ही रेकॉर्डांवर त्यांच्याच गाण्यांखाली 'पारंपरिक' असं छापलं होतं, जणू ती झाडाला लागलेली मिळाली. या वयात अशी संधी पुन्हा येत नाही, हे डॉक्टरांनाही कळत असेल, असं तो म्हणाला.

पद्मिनीला कळत होतं. म्हणूनच तर किळस वाढली.

तिच्या उत्तरासाठी तो थांबला नाही, सरळ आत शिरला. ती मागोमाग गेली.

टिल्मन खुर्चीत ताठ बसले होते. तपकिरी सूट, आत वेस्टकोट, टाय. कवळी उजवीकडे वर जरा टोचत होती, ती घासून घ्यायची, एवढंच काम होतं. पहिल्या दिवशीच त्यांनी पद्मिनीला सांगून टाकलं होतं, की बारा वर्षं हसताना ते तोंडावर हात धरत आलेत. पण स्टेजवर दोन्ही हात गिटारला लागतात, तिसरा आणायचा कुठून? म्हणून लोकांसमोर ते हसतच नसत. आता हसून बघायचं होतं.

टॉड वाकला. "सहज निघते ना ही?" हे त्याने पद्मिनीला विचारलं, टिल्मनना नाही. आणि विचारता विचारता दोन बोटांनी म्हाताऱ्याची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

"हात काढा," पद्मिनी म्हणाली.

टिल्मननी तो हात स्वतःच बाजूला केला. माशी उठवावी तसा.

"दात नवे आहेत बाळा, कान जुनेच आहेत. बाहेरचं सगळं ऐकलं त्यांनी," ते म्हणाले. "सूट काढून शेतमजुराचे कपडे घाला म्हणालात, घातले. चांगली गिटार ठेवून मोडकी धरा म्हणालात, धरली. जन्म माझा वायरच्या कारखान्यात गेला, कापसाचं बोंड मी वेचलेलं नाही. आता दात काढा म्हणताय. ते जमणार नाही."

टॉड म्हणाला, या संगीतावर त्याच्याइतकं प्रेम कुणी केलं नसेल. ते खरंही असेल. तेच तर दुखणं होतं.

"माझ्या पणजोबांना गुलामांच्या बाजारात विकायला उभं केलं होतं," टिल्मन म्हणाले, "तेव्हा गिऱ्हाइकाने अशीच हनुवटी धरली होती. त्याला दात हवे होते. एवढाच काय तो फरक."

चूळ टाकायच्या भांड्यात पाणी गोल फिरत राहिलं. टॉडचे कान लाल झाले. कंपनीला विचारून कळवतो, असं तो म्हणाला; मुलगी बघून गेलेले लोक म्हणतात ना, त्याच सुरात. पद्मिनीने तो सूर लग्न ठरण्याआधी सहा वेळा ऐकला होता. टिल्मननीही ओळखला. रेकॉर्ड गेली होती.

बाहेर गाडी सुरू झाली आणि आवाज लांब गेला. ज्याला घेऊन आला होता, त्याला तसाच सोडून.

टिल्मननी खिशातून रुमाल काढला. हनुवटी पुसली, सावकाश, दोनदा. रुमालाची नीट घडी घालून आत ठेवली आणि मान मागे टेकली.

"चला डॉक्टर. उजवीकडे, वर." त्यांनी आ केला.

पद्मिनीने दिवा खाली ओढला. हात पुढे नेला, तो मध्येच थांबला. याच तोंडात सहा आठवडे ती न विचारता बोटं घालत आली होती.

"बघू का?" तिने विचारलं.