तवंग

माझ्या गुडघेदुखीसाठी मुलाने मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब बसवला. आठवड्यातच पाण्यावर तेलाचा तवंग आणि काठाला चिकट थर, आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. "आई, तुझं ते खोबरेल!" मी कमरेपर्यंतच पाण्यात बसते, केसांना थेंबही लागत नाही, पण ऐकतो कोण? त्याने टबाशेजारी चक्क पाटी लावली: 'डोक्याला तेल लावणाऱ्यांनी टबात उतरू नये.'

ठीक आहे म्हटलं. टब साफ करायला येणाऱ्या बाईने सांगितलं होतं की टेनिसचा चेंडू पाण्यात तरंगत ठेवला की तो तेल शोषून घेतो. मी एक कोरा चेंडू पाण्यात सोडला आणि त्यानंतर टबात पायही टाकला नाही. आज सगळे चहाला बसल्यावर तोच चेंडू, तेलाने माखलेला, बशीत घालून मुलापुढे सरकवला.

सुनेने तो हुंगला. कांद्याचा भपकारा! तिने नवऱ्याच्या विरळ केसांच्या टाळूकडे पाहिलं.

"म्हणजे बाथरूमची कडी लावून केस उगवायचं कांद्याचं तेल चोपडतोस आणि तसाच टबात डोकं बुडवून पडतोस? आणि बोल मात्र आईंना?"

चोराच्या उलट्या बोंबा! मुलगा लालबुंद होऊन पाटी उपटायला उठला.


"खबरदार हात लावलास तर!" मी टॉवेल खांद्यावर टाकला. "पाटी तिथेच राहील. मी टबात बसते, तू बाहेर उभा राहून ती मोठ्याने वाच."