पुण्याचा शेठ

"आलाय," ज्ञानू म्हणाला आणि त्याने पेपर सायकलच्या कॅरियरवर पसरला. "पाचवी रेस. तुमचाच घोडा, पंत. एकास तीसचा भाव."

विष्णुपंतांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. तीनशे लावले होते. म्हणजे नऊ हजार.

ज्ञानूचं सायकलदुकान साताऱ्याच्या स्टँडमागे. मूळचा कुंडलचा. तरुणपणी पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांना खरारा करायचा, मग इथे येऊन पंक्चरी काढू लागला. गेली अकरा वर्षं पंतांची चिठ्ठी आणि पैसे तोच पुण्याच्या शेठकडे पोचवत होता. शेठला पंतांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बुकी असूनही माणूस सरळ. कधीमधी शंभर-सव्वाशे लागले तर दोन दिवसांत पोचते व्हायचे, दहा-विसाच्या नोटांत. एका वेळी पन्नासाच्या वर मात्र घ्यायचा नाही. या खेपेस पंत म्हणाले, लेकीच्या, मयूरीच्या फीसाठी तीनशे लावायचेत, तेव्हा त्याने तेही मुकाट घेतले होते.

"देईल ना रे एवढे?"

"द्याय तर लागंलच की." ज्ञानूला आनंद झालेला दिसला नाही. "बुधवारपतुर थांबा."

पंत कचेरीत कारकून. पावसाळ्यात पुण्याच्या रेस, हिवाळ्यात मुंबईच्या. पगार झाला की रेसचं पुस्तक आधी आणि किराणा मागून. हरलेल्या पैशांचा हिशेब त्यांनी एकदाच केला होता. तेवढ्यात मयूरीचं कॉलेजचं पहिलं वर्ष निघालं असतं. पुन्हा तो हिशेब त्यांनी केला नाही. त्यापेक्षा चिठ्ठी लिहिणं सोपं होतं.

आता एकुलत्या एका मयूरीला सांगलीला इंजिनियरिंगला जागा मिळाली होती. फी आणि होस्टेल धरून साडेआठ हजार. शेवटची तारीख पुढचा सोमवार. गोदावरीबाईंच्या कपाळावर मात्र आठी नव्हती. विषय निघाला की म्हणायच्या, "होईल हो. तुम्ही नका जीव टांगणीला लावू." बायकोच्या या भाबडेपणापुढे पंतांना मान वर करवत नसे. तिच्या कानावर रेसचा शब्दही त्यांनी कधी पडू दिला नव्हता.

बुधवारी ज्ञानूने कागदात बांधलेलं पुडकं हातात ठेवलं.

"मोजून घ्या. आन् पंत, आता बास करा. पोरीचं बगा."

"अरे, शेठने ऐकलं तर काय म्हणेल? गिऱ्हाईक तोडतोस त्याचं."

"शेठच म्हनलाय," ज्ञानू म्हणाला आणि पंप मारायला वळला.

पंत हसत हसत घरी गेले. गोदावरीबाई तांदूळ निवडत होत्या.

"ऑफिसातून उचल मिळाली," ते म्हणाले. "मयूरीची फी मी भरतो."

सुपातला हात थांबला. "तुम्ही भरणार?"

"मग? बाप आहे तिचा."

त्यांनी पंतांकडे बराच वेळ पाहिलं. मग हसल्या, लग्नाच्या पहिल्या वर्षात हसायच्या तशा. "भरा. सोमवारी पहाटेच्या गाडीने दोघं जा सांगलीला. तोवर माझ्याकडे ठेवू का?"

"राहू देत. बॅगेत नीट आहेत."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या हसण्याचंच पंतांच्या मनाने घेतलं. फी भरून हातात उरणार पाचशे. पण नवाचे अठरा झाले तर? अठराचे छत्तीस? अकरा वर्षांत घालवलेलं सगळं एका फटक्यात हिच्यापुढे आणून ठेवता आलं तर? शनिवारी "वाईला मावसभावाकडे जाऊन येतो" म्हणून ते निघाले आणि पुण्याच्या एसटीत बसले.

रेसकोर्स त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. घोडे पेपरातल्यापेक्षा फार मोठे होते आणि लोक फार मोठ्याने ओरडत होते. पहिल्या रेसला हजार गेले. ते भरून काढायला दुसरीला दोन. तिसरीत त्यांचा घोडा अर्ध्या मानेने मागे राहिला. चौथी संपली तेव्हा खिशात एसटीपुरते पैसे होते.

शिरवळ मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर तोंड करून बसले. शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. घाट चढताना त्यांना धीर आला. गेले ते बुकीचे पैसे. आले तसे गेले. घरातला तर एक रुपया हलला नाही. हिला सगळं खरं सांगायचं, पाय धरायचे. फीसाठी उद्या चार दारं हिंडायची.

दिवेलागणीला ते साताऱ्यात उतरले, तेव्हा ज्ञानू दुकान आवरत होता. पंतांचा चेहरा पाहून त्याने हातातली हवेची नळी खाली ठेवली.

"वाईला गेला हुता न्हवं तुमी?"

"पुण्याला गेलो होतो."

"किती गेलं?"

"सगळे." पंत स्टुलावर बसले आणि कसंनुसं हसले. "पण ज्ञानबा, शेठचेच होते. एका बुकीकडून आले, दुसऱ्याकडे गेले. माझ्या घरातलं काय गेलं?"

ज्ञानू खाली वाकून नळी गुंडाळू लागला.

"अरे बोल की. शेठला काय, सांगितलंस तर बरंच वाटेल."

"शेठ कुनी न्हाई, पंत." ज्ञानू त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "कवाच न्हवता. पयल्याच साली वैनी दुकानात आल्या हुत्या. तवापास्नं तुमची चिठ्ठी न् पैसं त्यांच्याच हातात देतोय. पोरीच्या शिक्षनाला साठवत हुत्या. परवा मी म्हनलं, वैनी, साठल्यालं समदं ह्ये नऊ हजार देऊ नगा. तर म्हनल्या, एवढी वर्षं हरल्यावर जिंकलेत, नाही कसं म्हणू. एकदा फी त्यांच्या हातनं भरू दे."