माघारीची मुदत

दया साळवेने पायात चप्पल सरकवली, पर्स खांद्याला लावली आणि दार उघडलं, तर समोर काकासाहेब. त्याच्या मागे दोन धिप्पाड माणसं.

"निघाला व्हय ताई? बसा की घडीभर," असं म्हणत तो आत येऊन बसलासुद्धा. काकासाहेब म्हणजे शहराच्या आमदाराचा उजवा हात. तो कुणाच्या घरी आला की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेत.

दया निघाली होती निवडणूक कचेरीत, उमेदवारीचा अर्ज मागे घ्यायला. वस्तीशेजारचा कचरा डेपो तिने गाड्यांपुढे आडवं पडून बंद पाडला, तेव्हा बायांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. त्या भरात तिने नगर शहरातून आमदारकीला अपक्ष अर्ज भरून टाकला. पण काल तिचे शाळेतले याकोब सर आले. तेही याच निवडणुकीला उभे होते, आणि आमदाराला यंदा पहिल्यांदा घाम फुटला होता तो त्यांच्यामुळेच. "दया, तुला नि मला मतं देणारी माणसं एकच आहेत," सर म्हणाले. "ती फुटली तर हाच परत पाच वर्षं मानगुटीवर बसेल." तिला पटलं. तिने सरांना शब्द दिला. आज दुपारी तीनच्या आत जाऊन सही करायची, एवढंच उरलं होतं.

काकासाहेबाने भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीला हात जोडले. मग अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "साहेबांचा निरोप हाय. तीनच्या आत माघार घ्यायची. बाईमानसाला झेपत न्हाई हे."

"आणि नाही घेतली तर?"

"तुमची शॅरन सावेडीला क्लासला जाती न्हवं? पांढऱ्या स्कुटीवर? लई जोरात चालवती पोरगी." तो हसला. "आपल्याकडचे रस्ते काय खरे न्हाईत, ताई."

दयाचा तो प्रसिद्ध संताप उसळला. गोड बोलून कुणीही दयाकडून काहीही काढून घ्यावं; पण डोळे वटारले की ती जागची हलत नसे. हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं आणि तिला स्वतःला त्याचा जरा तोराही होता. तिने मुलीला फोन करून क्लासमध्येच थांबायला सांगितलं. मग चप्पल काढली आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसली.

"सांगा तुमच्या साहेबांना. दया साळवे कुठेही जात नाही."

"इचार करा," एवढंच तो म्हणाला आणि बसून राहिला. दाराशी उभा असलेला गडी एकेक बोट मोडत होता.

फोन वाजला. याकोब सर होते. "दया, मी कचेरीच्या फाटकात उभा आहे. वेळ होत आली."

"नाही येत, सर. माघार घे म्हणून घरात घुसून दम देतायत मला. आता मागे फिरले तर जन्मभर मान खाली."

"अगं, पण तो कशाला..."

तिने फोन ठेवून दिला. सरांचं बोलणं तिने आजवर कधी असं मध्येच तोडलं नव्हतं. डोळे भरून आले, पण या माणसांसमोर ते पुसायचे नाहीत, असं तिने ठरवलं.

तीन वाजून गेले. दयाने मान वर केली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. काकासाहेबाच्या कपाळावर मात्र साधी आठीसुद्धा नव्हती. त्याने खिशातून मोबाईल काढला. "व्हय साहेब. झालं काम," म्हणाला आणि उठून उभा राहिला.

"पोरीला बिनघोर घरी बोलवा, ताई," तो म्हणाला. "तुमी अर्ज मागं घ्यायला निघाल्याचं कळलं, म्हनून पळत यावं लागलं. नुसतं जाऊ नका म्हनलो असतो, तर ऐकलं असतं का तुमी?"