संपात उतरलेल्या क्रेन

आज माणसांशिवाय जहाज रिकामं झालं असतं, तर बंदर कामगारांचा संप तिथंच मेला असता. फाटकाबाहेर संपकरी उभे होते; आत क्रेन चालकाविना कंटेनर उतरवत होत्या.

"या क्रेन कॅमेऱ्यातून तुमचंच काम बघून शिकल्यात," आतून मॅनेजर भोंग्यावरून म्हणाला. "आता तुमची गरज काय?"

चोरी करून वर हा तोरा.

"सगळं शिकल्यात?" युनियनच्या भागीरथीबाईंनी विचारलं.

"सगळं."

बाईंनी दर संपाला उंचावतात तसं लाल फडकं उंचावलं. क्रेननी लटकते कंटेनर आधी अलगद खाली ठेवले, अगदी कामगार ठेवायचे तसे, आणि मग सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मॅनेजर बटणं बडवत राहिला.

"बाई," भिवा कोयंडे फाटकावर चढून ओरडला, "मागण्यांत यांचं ग्रीसही घाला."