चाफ्याभोवती तांबं

पोथी ऐकून मनकर्णाबाई देवळातून परत यायच्या आत भगवानरावांना रोप बदलून टाकायचं होतं.

काल सांजेपर्यंत त्याला शेंडा तरी होता. रात्रीतून गोगलगायींनी तोही खाल्ला. उरली होती नुसती काडी आणि तिच्यावर चकाकणारी चिकट रेघ. भगवानरावांनी ती काडी पिशवीत दडवली. न्हाणीमागे लपवलेलं सोनचाफ्याचं रोप बाहेर काढलं. खामगावच्या नर्सरीतून निवडून आणलेलं, तेवढ्याच उंचीचं.

छकुली गेली तेव्हा अंगणात चाफा लावला होता. लेकीच्या त्या झाडाला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा मनकर्णाबाईंचा नेम. झाड गेलं म्हणून कळलं तर ही बाई जेवायची कशी? या भीतीनं भगवानराव आधीही गुपचूप रोपं बदलत आले होते. पहिल्यांदा चोरी केल्यासारखं झालं होतं. आता तसं होत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटे.

मीठ टाकलं असतं तर सोपं होतं. पण चातुर्मास चालू, अंगणात जीव मारायचा नाही. शेवटी कृषी केंद्रातल्या माणसानं तांब्याचं सांगितलं. तांब्याला अंग लागलं की गोगलगाय मागे फिरते. भगवानरावांचा जन्म विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला. घरात तांब्याला तोटा नव्हता. जळक्या मोटारीची तार त्यांनी काचकागदानं घासून लखलखीत केली आणि बूड कापलेल्या बादलीभोवती ओळीला ओळ लावून गुंडाळली.

"पण अंडी मातीतच असतात, काका," तो माणूस म्हणाला होता. "आतली माती काढून फेका. नाहीतर बाहेरच्या अडतीन, अन् आतल्या खातीन."

म्हणून उजाडताच त्यांनी खड्डा हातभर उकरला. कुदळीनं निघाली तेवढी कुदळीनं, राहिली ती बोटांनी खरवडून. घमेली भरभरून माती मागच्या नाल्यात सोडली. नाला भरून वाहत होता. मग शेतातली माती आणून खड्डा भरला, रोप लावलं, भोवती बादली दाबून बसवली.

कुंपणावरून शेजारचे जानराव डोकावले.

"काय हो, झाडाले कडं घालून राह्यले? बारसं हाय काय त्याचं?"

"गोगलगायीसाठी हाय."

"मंग पेढे द्या ना तिले. तोंड गोड झालं का रोप सोडते ते!" हसत जानराव गोठ्याकडे गेले.

भगवानरावांनी भिंतीवरची एक गोगलगाय अलगद उचलून बादलीपाशी सोडली. तिनं शिंगं पुढे केली. तार लागली तशी आत ओढून घेतली आणि जड अंगानं उलटी वळली. एवढ्याशानं त्यांचे डोळे भरून आले. आता मनकर्णाशी खोटं वागावं लागणार नव्हतं.

फाटक वाजलं. मनकर्णाबाई आल्या, पाण्याचा गडवा भरून रोपापाशी बसल्या. हळूहळू पाणी घातलं. मग पानांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे नवं हाय ना?"

भगवानराव बादलीवरची तार चाचपू लागले.

"पयल्या रोपाले बुडापासूनच फाटा होता. त्याच्यानंतरच्या एकालेबी नव्हता." आवाजात राग नव्हता. "तुमी एवढं करून राह्यले, म्हणून जेवत होती मी."

"अवं, मंग बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? रोप बदललं तं बदललं. पोरगी काय रोपात हाय?" त्यांनी ओली माती तळहातानं थोपटली, अंगाई गाताना थोपटावी तशी. "तिची रक्षा म्या याच हातानं या मातीत कालवली. तुमचे भाऊ म्हणत होते, पूर्णेच्या पाण्यात सोडा. तुमी तवा भानावर नव्हते. नाही सोडू देलं म्या. पाण्याले लय भेत होती छकुली."

भगवानरावांची नजर मागच्या नाल्याकडे गेली.

मनकर्णाबाईंनी चिमूटभर माती कपाळाला लावली. मग पदर सावरून उठल्या.

"पण तांब्याचं बेस केलं तुमी. आता राहीन हे." पायरीवरून त्यांनी मागे वळून पाहिलं. "चला, हात धुऊन घ्या. भाकर टाकते."

"हो," भगवानराव म्हणाले.

मोरीपाशी बादली भरलेली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले. नखांत खोलवर खड्ड्यातली जुनी माती अजून अडकलेली होती. त्यांनी दोन्ही मुठी मिटून घेतल्या.